जमिनीची चौकशी, जबानीचा गुन्हा

पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही वृत्तपत्रवाचकाला विचारा, बिल क्लिंटन यांच्यावर महाभियोग कशाबद्दल चालला? उत्तर बहुधा येईल, ‘त्या मोनिका लेविन्स्कीच्या भानगडीबद्दल.’ वर पुस्तीही जोडली जाईल, ‘त्यातच त्यांची खुर्ची गेली.’ खुर्ची गेली नाही. ठरल्या मुदतीपर्यंत, म्हणजे २० जानेवारी २००१ पर्यंत ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. आणि त्या संबंधांबद्दल त्यांच्यावर कोणी आरोपही ठेवला नव्हता. लेविन्स्की यांची स्वतःची काही तक्रार नव्हती. मग प्रतिनिधिगृहात मतदान झाले ते कशावर? सिनेटमध्ये पाच आठवडे काम चालले ते कशाचे?

दुसरे कोडे याहून अवघड आहे. हे सारे ज्यांनी कागदावर आणले ते केनेथ स्टार नेमले गेले होते एका फसलेल्या जमीन-व्यवहाराची चौकशी करायला. आर्कान्सा राज्यातल्या नदीकाठच्या जमिनीपासून व्हाइट हाउसमधल्या खासगी भेटींपर्यंत ही चौकशी पोहोचली कशी?

चवीचे तपशील या लेखात नाहीत. ते ४४५ पानांच्या सरकारी अहवालात आहेत, आणि ज्यांना वाचायचे होते त्यांनी ते कधीच वाचले. इथे पाहायचे आहे ते वेगळे. एक दिवाणी दावा आणि एक आर्थिक चौकशी, दोन्ही आपापल्या जागी कायदेशीर, एकमेकांना भिडल्यावर त्यांतून आधी कुठेच नसलेला गुन्हा कसा तयार झाला, हा या प्रकरणाचा खरा अभ्यासाचा भाग आहे. त्यात आणखी एक मौज आहे. या यंत्राचे दोन भाग खुद्द क्लिंटन यांच्या सहीने बसवले गेले होते.

नदीकाठचे प्लॉट आणि पहिली सही

१९७८ साली बिल आणि हिलरी क्लिंटन यांनी जिम आणि सुझन मॅकडूगल या ओळखीच्या दांपत्याबरोबर आर्कान्सात व्हाइट नदीच्या काठी कर्ज काढून जमीन घेतली. प्लॉट पाडायचे आणि सुट्टीत येऊन राहणाऱ्यांना विकायचे, असा बेत. प्लॉट खपले नाहीत, पैसे बुडाले. ‘व्हाइटवॉटर’ म्हणतात तो हा व्यवहार. पुढे मॅकडूगल यांच्या ताब्यात मॅडिसन गॅरंटी नावाची बचत-कर्ज संस्था आली, तीही बुडाली, आणि ठेवीदारांचे पैसे सरकारी विम्यातून भरावे लागले. संस्थेचा पैसा कुठे वळवला गेला, आणि तेव्हा राज्याचे गव्हर्नर असलेल्या क्लिंटन यांना त्याची कल्पना होती का, हा प्रश्न मग उभा राहणारच होता. १९९६ मध्ये मॅकडूगल दांपत्य दोषी ठरले. क्लिंटन दांपत्यावर या व्यवहाराबद्दल कधीच आरोपपत्र दाखल झाले नाही.

पण राष्ट्राध्यक्षाची चौकशी करायची कोणी? अमेरिकेत केंद्रीय सरकारी वकील शेवटी राष्ट्राध्यक्षाच्याच हाताखाली येतात. वॉटरगेट प्रकरणात १९७३ साली रिचर्ड निक्सन यांनी आपल्या मागे लागलेले अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढून टाकायला लावले, तेव्हा ही अडचण साऱ्या देशाने पाहिली. त्यावर उपाय म्हणून १९७८ मध्ये ‘इंडिपेंडंट कौन्सेल’, म्हणजे स्वतंत्र अभियोक्त्याचा कायदा आला. न्याय विभागाच्या प्रमुखाने, म्हणजे ॲटर्नी जनरलने, विनंती करायची, तीन न्यायाधीशांच्या मंडळाने अभियोक्ता नेमायचा, आणि नेमल्यावर त्याला सहजासहजी कोणी हात लावायचा नाही.

हेतू उत्तम होता. दोष होता तो रचनेत. साध्या सरकारी वकिलाच्या टेबलावर शेकडो प्रकरणे असतात. कशाला किती वेळ द्यायचा, काय सोडून द्यायचे, हे त्याला रोज ठरवावे लागते, कारण पैसा आणि माणसे मोजकी असतात. स्वतंत्र अभियोक्त्यापुढे प्रकरण एकच, माणूस एकच. खर्चाला ठरलेली मर्यादा नाही, मुदत नाही. काहीच सापडले नाही तर वर्षे वाया गेली असे दिसणार, म्हणून तो शोधत राहणार. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये हा कायदा सात विरुद्ध एक अशा बहुमताने वैध ठरवला. एकटे विरोधात गेलेले न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी नेमका हाच धोका लिहून ठेवला होता. तेव्हा त्यांचे ऐकणारे थोडेच होते.

१९९२ च्या अखेरीस हा कायदा संपुष्टात आला होता. व्हाइटवॉटरचा गलका वाढला तेव्हा, जानेवारी १९९४ मध्ये, ॲटर्नी जनरल जॅनेट रेनो यांनी आपल्याच अधिकारात रॉबर्ट फिस्क यांना नेमले. काम सुरू झाले होते, ते तसेच चालू राहिले असते. पण कायदा पुन्हा आणण्याची मागणी होती, क्लिंटन यांनी निवडणुकीत नैतिकतेच्या गोष्टी केल्या होत्या, आणि ३० जून १९९४ रोजी त्यांनी पुनरुज्जीवित कायद्यावर सही केली. नेमणुकीचा अधिकार न्यायाधीशांच्या मंडळाकडे गेला. ५ ऑगस्टला मंडळाने फिस्क यांना बाजूला करून केनेथ स्टार यांना आणले.

मुदत संपायला दोन दिवस उरले असताना

दुसरी वाट आर्कान्सातल्या लिटल रॉक शहरातल्या एक्सेल्सियर हॉटेलातून निघते. पॉला जोन्स या राज्य सरकारच्या औद्योगिक विकास आयोगात साध्या पगारावर नोकरी करीत. त्यांचे म्हणणे असे : ८ मे १९९१ रोजी हॉटेलात सरकारी परिषद होती, त्या नोंदणीच्या टेबलावर बसल्या होत्या, गव्हर्नरच्या सुरक्षेतल्या पोलिसाने त्यांना वरच्या खोलीत नेले, आणि तिथे क्लिंटन यांनी अश्लील वर्तन करून लैंगिक मागणी केली. क्लिंटन यांनी हे कायम नाकारले.

जोन्स तीन वर्षांच्या आसपास गप्प होत्या. मग ‘अमेरिकन स्पेक्टेटर’ या उजव्या मासिकात गव्हर्नरच्या पोलिसांच्या हवाल्याने एक लेख आला. त्यात ‘पॉला’ नावाच्या बाईचा उल्लेख होता, आणि ती राजीखुशीने गेल्यासारखा सूर होता. जोन्स यांनी ६ मे १९९४ रोजी केंद्रीय न्यायालयात दिवाणी दावा लावला. दाव्याची तीन वर्षांची मुदत संपायला तेव्हा दोन दिवस बाकी होते. मागणी ७,००,००० डॉलरची.

पहिला वाद हाच झाला की पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षावर असा दावा चालवता येतो का? पदाच्या कामाबद्दल त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही, हे १९८२ मध्ये ठरून गेले होते. पण हे काम पदाचे नव्हते, पदावर येण्याआधीचे होते, खासगी होते. अमेरिकेच्या राज्यघटनेत त्याबद्दल एक अक्षरही नाही. आपल्या घटनाकारांनी ही गोष्ट आधीच लिहून ठेवली आहे. कलम ३६१ नुसार राष्ट्रपती किंवा राज्यपाल पदावर असताना त्यांच्यावर फौजदारी कारवाई होत नाही, मात्र वैयक्तिक कृत्याबद्दलचा दिवाणी दावा दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन लावता येतो. म्हणजे मुंबईत बसणाऱ्या राज्यपालाबद्दल जे एका परिच्छेदात मिटते, ते वॉशिंग्टनमध्ये ठरायला तीन वर्षे लागली.

न्यायाधीश सुझन वेबर राइट यांच्यापुढे दावा आला. त्या एकेकाळी विधी महाविद्यालयात क्लिंटन यांच्या विद्यार्थिनी होत्या आणि नेमणूक विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाची. साक्षीपुरावे गोळा करा, पण प्रत्यक्ष सुनावणी क्लिंटन यांची कारकीर्द संपल्यावर, असा मधला मार्ग त्यांनी काढला. अपिलात तो टिकला नाही. २७ मे १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला की दावा थांबवण्याचे कारण नाही. निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी त्यात एक अंदाजही बांधला : दावा नीट हाताळला तर राष्ट्राध्यक्षाचा फारसा वेळ त्यात जाण्याची शक्यता नाही. न्यायालयांचे राजकीय अंदाज असे चुकल्याची उदाहरणे थोडीच असतील.

यानंतर तडजोडीची संधी आली. ७,००,००० डॉलरवर बोलणी पोहोचली होती, पण माफीच्या शब्दांवर अडली, आणि जोन्स यांच्या मूळ वकिलांनी काम सोडले. नवे वकील आले ते तडजोडीपेक्षा लढ्यात अधिक रस असलेले.

स्थळाची चौकशी

आपल्याकडे दिवाणी दाव्यात साक्षीदार बोलतो तो मुख्यतः कोर्टापुढे. अमेरिकेत खरी लढाई त्याच्या खूप आधी, वकिलांच्या कचेरीत होते. सुनावणीपूर्वी दोन्ही पक्ष एकमेकांची कागदपत्रे मागवतात आणि साक्षीदारांना शपथ देऊन त्यांची जबानी घेतात. या जबानीला ‘डिपॉझिशन’ म्हणतात आणि शोधाच्या या टप्प्याला ‘डिस्कव्हरी’. न्यायाधीश सहसा तिथे नसतात, पण शपथ तीच, आणि खोटे बोललात तर गुन्हाही तोच.

इथे काय काय विचारता येते? मुलीच्या घरचे स्थळाची चौकशी करतात तशी ही गोष्ट आहे. मुलाच्या गावी जायचे, शेजाऱ्याला विचारायचे, जुन्या कचेरीतल्या कारकुनाला गाठायचे, आधी कुठे काही ठरून मोडले होते का ते काढायचे. यातले बहुतेक बैठकीत कोणी तोंडावर बोलणार नाही. पण त्यातून एखादे कामाचे निघू शकते, म्हणून विचारायला मुभा असते. डिस्कव्हरीतही प्रश्नाचे उत्तर पुढे पुरावा म्हणून चालेलच असे नाही. त्यातून पुरावा निघण्याची वाजवी शक्यता असली की तेव्हाच्या नियमांनुसार पुरे. फरक एवढाच की स्थळाच्या चौकशीत थाप मारली तर फार तर लग्न मोडते.

लैंगिक छळाच्या दाव्यात हे दार आणखी रुंद होते. जोन्स यांच्या वकिलांचा युक्तिवाद असा की क्लिंटन यांची एक ठरीव पद्धत होती. हाताखालच्या ज्या स्त्रिया तयार होत त्यांना नोकरीत फायदा मिळे, ज्या नकार देत त्यांचे नुकसान होई. म्हणून राजीखुशीचे संबंधही दाव्याशी निगडित ठरतात. इथे दुसरी सही आडवी येते. १३ सप्टेंबर १९९४ रोजी क्लिंटन यांनी गुन्हेगारीविषयक मोठ्या कायद्यावर सही केली. रिपब्लिकन सदस्य सुझन मोलिनारी यांच्या आग्रहाने त्यात पुराव्याचे नवे नियम घातले गेले होते. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात, दिवाणी दाव्यातही, प्रतिवादीची तशीच इतर कृत्ये पुढे आणता यावीत असे ते नियम. मागणी रास्त होती. वर्षानुवर्षे अशा खटल्यांत तक्रार करणाऱ्या बाईचे पूर्वायुष्य उकरले जाई आणि पुरुषाचे झाकले जाई. नियम लिहिताना डोळ्यांपुढे अत्याचारी होते, राजीखुशीचे संबंध नव्हते. पण प्रतिवादीच्या पूर्वायुष्याकडे पाहण्याची न्यायालयांची नजर त्याने सैल झाली, आणि जोन्स यांच्या वकिलांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला.

डिसेंबर १९९७ मध्ये न्यायाधीश राइट यांनी आदेश दिला : ठरावीक काळात राज्य किंवा केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या ज्या स्त्रियांशी क्लिंटन यांचे लैंगिक संबंध आले किंवा ज्यांच्याकडे त्यांनी तशी मागणी केली, त्यांच्याबद्दल विचारता येईल. साक्षीदारांच्या यादीत एक नवे नाव आले होते. मोनिका लेविन्स्की.

पाच दिवस

लेविन्स्की १९९५ च्या उन्हाळ्यात व्हाइट हाउसमध्ये बिनपगारी प्रशिक्षणार्थी म्हणून आल्या. संबंध सुरू झाला त्याच वर्षी नोव्हेंबरात. तेव्हा अर्थसंकल्पाच्या वादात सरकारी कचेऱ्या बंद होत्या, नेहमीचे कर्मचारी घरी होते आणि प्रशिक्षणार्थींकडे मोठ्यांची कामे आली होती. १९९६ मध्ये वरिष्ठांनी त्यांची रवानगी पेंटॅगॉनमध्ये केली. तिथे त्यांना वयाने मोठी सहकारी मैत्रीण मिळाली, लिंडा ट्रिप. लेविन्स्की फोनवर मन मोकळे करीत, ट्रिप ते टेप करीत. ट्रिप मेरीलँडमध्ये राहत, आणि तिथल्या कायद्याने दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय संभाषण टेप करणे गुन्हा होता.

समन्स आल्यावर लेविन्स्की यांनी ७ जानेवारी १९९८ रोजी प्रतिज्ञापत्र केले की राष्ट्राध्यक्षांशी आपले लैंगिक संबंध नव्हते. त्याच सुमारास क्लिंटन यांचे वजनदार मित्र व्हर्नन जॉर्डन त्यांच्यासाठी न्यूयॉर्कमध्ये नोकरी बघत होते. रेव्हलॉन कंपनीत ती मिळालीही.

१२ जानेवारीला ट्रिप यांनी स्टार यांच्या कचेरीत फोन केला. ही गाठ कायद्याच्या दृष्टीने फार कच्ची होती. जमिनीच्या व्यवहाराचा आणि या टेपांचा काय संबंध? स्टार यांच्या लोकांनी धरलेला दुवा होता जॉर्डन. व्हाइटवॉटर चौकशीतला एक दोषी, क्लिंटन यांचा जुना सहकारी वेबस्टर हबेल, याला जॉर्डन यांच्या मध्यस्थीने रेव्हलॉनच्याच मालक कंपनीकडून पैसे मिळाले होते. ते तोंड बंद ठेवण्यासाठी होते का, याचा तपास स्टार करीत होतेच. आता पुन्हा जॉर्डन, पुन्हा रेव्हलॉन, पुन्हा अडचणीचा साक्षीदार. १६ जानेवारीला रेनो यांच्या विनंतीवरून न्यायाधीशांच्या मंडळाने स्टार यांची कक्षा वाढवून दिली. दुवा अगदीच खोटा नव्हता. पण एवढ्या बारीक धाग्यावर राष्ट्राध्यक्षाच्या खासगी आयुष्याची चौकशी टांगावी, हे मला आजही पटत नाही.

त्याच दिवशी दुपारी पेंटॅगॉनजवळच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात ट्रिप यांनी लेविन्स्की यांना बोलावले. तिथे एफबीआयचे लोक उभे होते. चोवीस वर्षांच्या लेविन्स्की हॉटेलच्या खोलीत मध्यरात्रीच्या सुमारापर्यंत होत्या. सहकार्य केले नाही तर सत्तावीस वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो असे आपल्याला सांगितले गेले, असे त्या पुढे वारंवार म्हणाल्या. इकडे ट्रिप घरी गेल्या आणि संध्याकाळी जोन्स यांच्या वकिलाला सारी हकिकत सांगून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी, शनिवार १७ जानेवारीला, क्लिंटन आपल्या वकिलाच्या कचेरीत जबानीला बसले. प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तरे आधीच ठाऊक होती. फौजदारी अभियोक्ता टेपा घेऊन बाजूला तयार होता. उत्तर देणाऱ्याला यातले काहीच माहीत नव्हते.

हा सापळा होता, यात मला शंका नाही. पण सापळ्यात पाय घालायची सक्ती त्यांच्यावर नव्हती. ‘मी उत्तर देतो, पण ते सीलबंद ठेवा’ असे म्हणता आले असते. दावा मिटवता आला असता. ते खोटे बोलले, कारण पकडले जाणार नाही असा त्यांचा हिशेब होता.

व्याख्येतली फट

जबानी सुरू होताना जोन्स यांच्या वकिलांनी ‘लैंगिक संबंध’ याची तीन कलमी लेखी व्याख्या पुढे केली. शब्द उचलले होते लैंगिक अत्याचाराच्या केंद्रीय कायद्यातून. न्यायाधीश राइट त्या दिवशी स्वतः हजर होत्या. त्यांनी दोन कलमे गाळून एकच ठेवले. उरलेल्या कलमाचा अर्थ क्लिंटन यांनी असा लावला : उद्दीपित करण्याच्या हेतूने साक्षीदाराने समोरच्या व्यक्तीच्या ठरावीक अवयवांना स्पर्श केला असेल तर संबंध आले. समोरच्याने साक्षीदाराच्या बाबतीत काही केले, तर त्यात साक्षीदार मोडत नाही. या वाचनाप्रमाणे एकाच प्रसंगी लेविन्स्की यांचे संबंध होते आणि क्लिंटन यांचे नव्हते.

तर्क हास्यास्पद आहे, पण वकिली दृष्टीने अगदीच पोकळ नाही. अमेरिकी न्यायालयांचा जुना दंडक असा आहे की शब्दशः खरे असलेले उत्तर, दिशाभूल करणारे असले तरी, खोट्या साक्षीचा गुन्हा होत नाही. साक्षीदाराला कोंडीत पकडणे हे वकिलाचे काम. शिवाय खोटे विधान दाव्याच्या दृष्टीने महत्त्वाचेही असावे लागते. २९ जानेवारीला राइट यांनी लेविन्स्की यांच्याबद्दलचा पुरावा जोन्स यांच्या दाव्याला अत्यावश्यक नाही म्हणून वगळला, आणि १ एप्रिलला मूळ दावाच फेटाळला. जोन्स म्हणतात ते खरे धरले तरी कायद्याच्या कसोटीला उतरेल इतका छळ सिद्ध होत नाही, असे त्यांचे मत पडले.

म्हणजे एप्रिल १९९८ मध्ये दावा उरला नव्हता, आणि त्या दाव्यातल्या उत्तराची फौजदारी चौकशी मात्र जोरात चालू होती. राष्ट्राध्यक्षाच्या सल्लागारांचे बोलणे गोपनीय आहे, सुरक्षारक्षकांना साक्षीला बोलावता येणार नाही, असे सारे बचाव व्हाइट हाउसने करून पाहिले आणि न्यायालयांत हरले. जुलैच्या अखेरीस लेविन्स्की यांना खटल्यापासून अभय मिळाले आणि त्यांनी आपला एक निळा ड्रेस स्टार यांच्या हवाली केला. त्यावरच्या डागाची डीएनए चाचणी झाल्यावर नाकारण्यासारखे काही उरले नाही.

१७ ऑगस्टला क्लिंटन यांनी व्हाइट हाउसच्या मॅप रूममधून बंद वाहिनीवर ग्रँड ज्युरीपुढे साक्ष दिली. ग्रँड ज्युरी म्हणजे आरोपपत्र ठेवण्याइतपत पुरावा आहे का, हे ठरवणारे नागरिकांचे मंडळ. अनुचित जवळीक त्यांनी मान्य केली, जानेवारीतली उत्तरे मात्र व्याख्येनुसार खरी होती यावर ते ठाम राहिले.

चौकट : महत्त्वाच्या तारखा

* ८ मे १९९१ : जोन्स यांच्या आरोपातला प्रसंग
* ६ मे १९९४ : दावा दाखल
* ५ ऑगस्ट १९९४ : स्टार यांची नेमणूक, व्हाइटवॉटरसाठी
* २७ मे १९९७ : दावा चालू द्या, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल
* १६ व १७ जानेवारी १९९८ : स्टार यांची कक्षा वाढली, दुसऱ्या दिवशी क्लिंटन यांची जबानी
* १७ ऑगस्ट १९९८ : ग्रँड ज्युरीपुढे साक्ष
* १९ डिसेंबर १९९८ : प्रतिनिधिगृहात महाभियोग मंजूर
* १२ फेब्रुवारी १९९९ : सिनेटमध्ये निर्दोष

आरोपपत्र एका सभागृहाचे, निकाल दुसऱ्याचा

स्टार यांचा अहवाल ११ सप्टेंबरला इंटरनेटवर खुला झाला. व्हाइटवॉटरचा उल्लेख त्यात नावापुरता होता.

महाभियोगात प्रतिनिधिगृह आरोप ठेवते. त्याला साधे बहुमत पुरते. मग सिनेट न्यायालय होते, सरन्यायाधीश अध्यक्षस्थानी बसतात, आणि दोषी ठरवायला दोन तृतीयांश, म्हणजे शंभरपैकी ६७ मते लागतात. ‘महाभियोग झाला’ याचा अर्थ फक्त आरोपपत्र मंजूर झाले एवढाच, आणि सुरुवातीला सांगितलेला खुर्ची गेल्याचा गैरसमज इथूनच निघतो. क्लिंटन यांच्यापूर्वी ही वेळ एकाच राष्ट्राध्यक्षावर आली होती, १८६८ मध्ये अँड्रू जॉन्सन यांच्यावर. तेही एका मताने वाचले.

प्रतिनिधिगृहापुढे चार कलमे आली. ग्रँड ज्युरीपुढे खोटी साक्ष : २२८ विरुद्ध २०६, मंजूर. न्यायात अडथळा : २२१ विरुद्ध २१२, मंजूर. अधिकाराचा गैरवापर : नामंजूर. आणि जोन्स यांच्या दाव्यातली खोटी जबानी? २०५ विरुद्ध २२९, नामंजूर. ज्या शनिवारच्या जबानीपासून सारे सुरू झाले तिच्याबद्दलचे कलम सभागृहानेच टाकून दिले. मंजूर झाले ते त्या जबानीबद्दल सात महिन्यांनी दिलेल्या साक्षीचे. दाव्यातून जबानी, जबानीतून चौकशी, चौकशीतून साक्ष आणि साक्षीतून आरोप, अशी ही चौथी पिढी होती.

सिनेटमध्ये खोट्या साक्षीच्या कलमावर ४५ जण दोषी म्हणाले, ५५ नाही. अडथळ्याच्या कलमावर ५०-५०. रिपब्लिकन सदस्य ५५ होते, म्हणजे त्यांच्यातलेही काही फुटले. लोकांचा कौल आधीच कळला होता. नोव्हेंबर १९९८ च्या निवडणुकीत क्लिंटन यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहात पाच जागा वाढवल्या, सभापती न्यूट गिंगरिच यांना जावे लागले, आणि महाभियोगाच्या आठवड्यात गॅलपच्या पाहणीत क्लिंटन यांच्या कामाला पसंती होती ७३ टक्के. गिंगरिच यांच्या जागी येणारे बॉब लिव्हिंगस्टन यांनी तर ऐन मतदानाच्या दिवशी आपण सभापती होणार नसल्याचे जाहीर केले. कारण त्यांचेही विवाहबाह्य संबंध बाहेर आले होते.

हिशेब

जोन्स यांनी फेटाळलेल्या दाव्यावर अपील केले होते. १३ नोव्हेंबर १९९८ रोजी क्लिंटन यांनी ८,५०,००० डॉलर देऊन ते मिटवले, माफी न मागता. मूळ मागणीपेक्षा हे दीड लाखाने जास्त. त्यातले बरेचसे वकिलांच्या फीत गेले. लिटल रॉकच्या हॉटेलात काय घडले, हे कुठल्याही न्यायालयाने पुरावा ऐकून ठरवले नाही. साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी असलेला हा आरोप असा होता की ज्यात सत्तेवरच्या माणसाने हाताखालच्या बाईवर जबरदस्ती केल्याची तक्रार होती, आणि नेमक्या त्याच आरोपाकडे बघायला शेवटी कोणाला वेळ उरला नाही. लेविन्स्की यांना मात्र जगभरच्या विनोदवीरांनी वर्षानुवर्षे सोडले नाही. ट्रिप यांच्यावर मेरीलँडमध्ये टेप केल्याबद्दल खटला भरला गेला, तो २००० मध्ये मागे घेतला.

न्यायाधीश राइट यांनी एप्रिल १९९९ मध्ये आपल्या एकेकाळच्या प्राध्यापकांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरले आणि पुढे ९०,६८६ डॉलर भरायला लावले. सिनेटला जे जमले नाही ते एका जिल्हा न्यायाधीशाने शांतपणे केले. जबानीतली उत्तरे जाणूनबुजून खोटी आणि दिशाभूल करणारी होती, असे त्यांनी लिहिले. कारकिर्दीच्या शेवटच्या पूर्ण दिवशी, १९ जानेवारी २००१ रोजी, क्लिंटन यांनी स्टार यांच्या जागी आलेल्या रॉबर्ट रे यांच्याशी समझोता केला : काही उत्तरे खोटी होती अशी कबुली, आर्कान्सातली वकिलीची सनद पाच वर्षे निलंबित, २५,००० डॉलर दंड, आणि बदल्यात फौजदारी खटला नाही.

स्वतंत्र अभियोक्त्याच्या कायद्याला १९९४ मध्ये पाच वर्षांची मुदत होती. एप्रिल १९९९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे तो वाढवावा का याची चर्चा झाली, तेव्हा साक्षीला केनेथ स्टार आले आणि म्हणाले की हा कायदा संपू द्यावा. या एका मुद्द्यावर त्यांचे आणि व्हाइट हाउसचे मत जुळले. ३० जून १९९९ रोजी, क्लिंटन यांच्या सहीला बरोबर पाच वर्षे झाली तेव्हा, तो आपोआप संपला. त्याच्या जागी आले न्याय विभागाचे अंतर्गत नियम. आता विशेष अभियोक्ता ॲटर्नी जनरल नेमतो, कारण असेल तर तोच काढतो, आणि चौकशीची कक्षा वाढवायची असेल तर तीही त्यालाच विचारून. २०१७ मध्ये रॉबर्ट म्यूलर यांची नेमणूक झाली ती याच नियमांखाली.